व्हीएचएफ कॉन्टेस्ट, एफएम सेट आणि 146.52 चा वाद : पार्श्वभूमी

हौशी रेडिओत, म्हणजे हॅम मंडळींत, कॉन्टेस्ट म्हणजे ठरावीक वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधण्याची स्पर्धा. एफएमवर, म्हणजे साध्या वॉकीटॉकीच्या पद्धतीने, कॉन्टेस्ट होत नाही, हे वाक्य व्हीएचएफवाल्यांच्या (30 ते 300 मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्यांच्या) तोंडी इतके बसले आहे की तो निसर्गनियम वाटावा. त्यात निसर्गाचा भाग किती आणि माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा भाग किती, हे पाहायचे तर अमेरिकेकडे जावे लागते, कारण 146.52 मेगाहर्ट्झ या एफएम चॅनेलवर कॉन्टेस्टची हाक मारू द्यावी का, हा वाद तिथेच सर्वांत जास्त तापला.

तिथली जानेवारीची व्हीएचएफ कॉन्टेस्ट 1948 पासून चालू आहे. त्या काळी व्हीएचएफवर आवाजाने बोलायचे म्हणजे एएम, आवाजानुसार सिग्नलची ताकद बदलणारी जुनी पद्धत. एफएम हौशी मंडळींकडे आले ते बहुतांशी मागच्या दाराने. टॅक्सी, पोलीस यांसारख्या व्यावसायिक सेवांना ±15 किलोहर्ट्झ डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रीक्वेन्सी वर-खाली हलण्याची मर्यादा) सोडून ±5 वर जावे लागले आणि 1960 च्या दशकात त्यांचे जुने, वजनदार सेट स्वस्तात बाहेर पडले. हॅम मंडळींनी ते आणले, क्रिस्टल (फ्रीक्वेन्सी ठरवणारे स्फटिक) बदलले आणि 146 मेगाहर्ट्झच्या आसपास आणून बसवले.

या क्रिस्टलवर थोडे थांबायला हवे. प्रत्येक चॅनेलला पाठवण्याचा एक आणि ऐकण्याचा एक, असे दोन क्रिस्टल लागत आणि ते पैसे मोजून कापून घ्यावे लागत. त्यामुळे पुष्कळ सेटमध्ये दोन-तीनच चॅनेल असत, त्यातला एक हमखास 146.94. एफएमवाल्याने चॅनेल लावायचा, स्क्वेल्चने रिकामी खरखर बंद करायची आणि कुणी हाक मारेपर्यंत आपले काम करत राहायचे. कॉन्टेस्टवाल्याची रीत याच्या नेमकी उलट. तो डायल फिरवत खरखरीच्या तळाशी असलेला सिग्नल शोधतो. माझ्या मते दोन गटांतली खरी दरी इथे पडली, तंत्रात नंतर.

तंत्राची बाजू नाकारण्यात अर्थ नाही. एसएसबीला, म्हणजे कॉन्टेस्टवाल्यांच्या अरुंद सिग्नलच्या आवाजी पद्धतीला, तीन किलोहर्ट्झच्या आत जागा पुरते, एफएमला पंधरा-सोळा लागतात. 2005 मध्ये आपल्याकडून गेलेल्या हॅमसॅट उपग्रहाच्या ट्रान्सपाँडरचा (आलेले सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्राचा) पट्टा 60 किलोहर्ट्झचा होता. त्यात एकच एफएम सिग्नल चढवला तर पाव पट्टा तोच खाणार, म्हणून तिथे एसएसबी आणि मोर्सच योग्य होते. शिवाय एफएमचा सिग्नल एका पातळीखाली गेला की नुसता क्षीण होत नाही, कोसळतो. एसएसबीवर जिथे कॉलसाइन (स्टेशनचे सांकेतिक नाव) अर्धवट तरी उमगते, तिथे एफएमवर फक्त सूं ऐकू येते. एकाच चॅनेलवर दोघे बोलले तर जोरकस तेवढा ऐकू येतो, दुसरा होता याचा मागमूसही राहत नाही. त्यात गाड्यांमुळे एफएमचे अँटेना उभे आणि लांब पल्ल्याच्या मंडळींचे आडवे. या फरकात सहज 20 डेसिबल, म्हणजे शंभरपट शक्ती वाया जाते. उभा अँटेना घेऊन 144.200 वर, म्हणजे एसएसबीवाल्यांच्या ठरलेल्या जागी, कान लावणाऱ्याला बँड (तो फ्रीक्वेन्सींचा पट्टा) मेलेला वाटतो, त्याचे कारण बरेचदा एवढेच असते.

1970 च्या दशकात तीन वॅटची आयसी-202 सारखी एसएसबी रिग (सेट) डोंगरावर घेऊन जाण्याजोगी झाली, दुसरीकडे रिपीटर (सिग्नल झेलून पुन्हा दूरवर पाठवणारी केंद्रे) गावोगावी उभे राहिले. 146.94 हळूहळू रिपीटरांकडे गेले आणि रिपीटरशिवाय थेट बोलण्यासाठी 146.52 हा देशभराचा सिम्प्लेक्स चॅनेल ठरला.

आता मूळ वादाकडे. तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या कॉन्टेस्ट नियमांत अनेक वर्षे एक कलम होते: रिपीटरच्या फ्रीक्वेन्सी वापरायच्या नाहीत आणि 146.52 किंवा त्याच्या अगदी शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर कॉन्टेस्टचा संपर्क करायचा नाही, त्यासाठी हाकही मारायची नाही. कॉन्टेस्टने हा चॅनेल बळकावू नये, हा हेतू कलमातच लिहिलेला होता. त्याऐवजी 146.55, 146.58, 147.42 ते 147.57 अशा जागा दाखवलेल्या होत्या.

हेतू खोटा नव्हता. महामार्गावरचा प्रवासी याच चॅनेलवर वाट विचारतो. जंगलात, डोंगरात फिरणाऱ्यांसाठी तर अशी प्रथाच आहे की सकाळी 7 पासून दर तीन तासांनी, तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटे 146.52 ऐकायचे. तिथे शनिवार-रविवार कॉन्टेस्टची हाकाटी चालली तर अडकलेल्याची हाक दबून जाईल, ही भीती रास्त होती.

पण ‘कॉलिंग फ्रीक्वेन्सी’ या शब्दाचा अर्थ काय? जिथे हाक मारायची आणि जोडीदार मिळाला की दुसरीकडे सरकायचे, ती जागा. 144.200 हीसुद्धा कॉलिंग फ्रीक्वेन्सीच, आणि कॉन्टेस्टच्या दिवशी ती गजबजलेली असते. तिथे शिष्टाचारावर भागले. 146.52 वर मात्र हाकेलाच मनाई, म्हणजे नावापुरती कॉलिंग फ्रीक्वेन्सी. जिथे लोक ऐकत आहेत तिथे बोलायचे नाही आणि जिथे बोलायला परवानगी आहे तिथे कुणी ऐकत नाही. दाखवलेल्या पर्यायी जागाही सरळ नव्हत्या. तिथल्या काही भागांत चॅनेलमधले अंतर 15 किलोहर्ट्झ, काही भागांत 20, त्यामुळे एका प्रांतातला मोकळा चॅनेल दुसरीकडे मोकळा असेलच असे नाही.

1991 पासून अमेरिकेत मोर्सची परीक्षा न देता 30 मेगाहर्ट्झच्या वरचा परवाना मिळू लागला आणि हे कलम जास्त बोचू लागले. नव्याने आलेल्यांपैकी असंख्य लोकांकडे एकच साधन होते, एफएमची हँडी (हातात मावणारा सेट) किंवा गाडीतला सेट. व्हीएचएफ कॉन्टेस्टमध्ये लोक कमी होत चालले अशी तक्रार करणारे आणि नव्यांच्या एकमेव ओळखीच्या चॅनेलला कुलूप घालणारे, दोघे एकाच वर्तुळातले होते. चॅनेल वाचवायचा तर ‘हाक मारा आणि सरका’ एवढा नियम पुरला असता, असे मला ठामपणे वाटते. पुढे ते बंधन उठलेही.

2010 च्या दशकात याच कॉन्टेस्टमध्ये एकट्या ऑपरेटरसाठी फक्त एफएमचा वर्ग आला: 50, 144, 222 आणि 440 मेगाहर्ट्झचे बँड, शक्ती कमाल 100 वॅट. 500 किलोमीटर पल्ल्याच्या आडव्या बीमशी (एका दिशेला रोखलेल्या अँटेनाशी) आता हँडीची तुलना होत नाही. ब्रिटनने जास्त सुटसुटीत मार्ग काढला. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी 7 ते 7:55 दोन मीटरवर (144 मेगाहर्ट्झच्या बँडवर) फक्त एफएमची कॉन्टेस्ट, आणि 8 ला नेहमीची सुरू. साध्या सेटवाल्याला पंचावन्न मिनिटे पूर्ण बँड मिळतो आणि हौस वाढली तर तो पुढच्या कॉन्टेस्टलाही थांबतो.

2017 मध्ये एफटी8 ही संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची पद्धत आली आणि 50 मेगाहर्ट्झवरचे कितीतरी कॉन्टेस्टवाले मायक्रोफोन सोडून संगणकाकडे वळले. एसएसबी विरुद्ध एफएम या भांडणाची धार त्यामुळे कमी झाली. आवाजाने संपर्क करणारा कुणीही भेटला तरी हवा, असे आता जुने एसएसबीवालेही म्हणतात.

आपल्याकडे दोन मीटरचा बँड 144 ते 146 असल्याने 146.52 बँडबाहेर पडते. हे वाचून कुणी तो चॅनेल लावू नये. गुण मोजण्यासाठी नकाशावर पाडलेले चौकोन, म्हणजे ग्रिड, मात्र सगळीकडे तेच, अक्षांशात एक अंश आणि रेखांशात दोन अंशांचे. 19 अंशांची रेषा मुंबईतूनच जाते. कुलाबा एमके68 मध्ये, दादर एमके69 मध्ये, आणि पुणेसुद्धा कुलाब्याच्याच एमके68 मध्ये. दादरच्या गच्चीवरून पाच वॅटच्या हँडीवर कुलाब्याशी सिम्प्लेक्सवर बोलणे झाले, तर तो दोन वेगळ्या ग्रिडमधला संपर्क ठरतो.