नाणं टांकसाळीत चुकलं की बाहेर बिघडलं?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सुट्ट्या पैशांत एखादं वेगळंच दिसणारं नाणं हाती लागलं की लोक ते घेऊन आमच्या दुकानात येतात. त्यातली बरीचशी नाणी टांकसाळीतून अगदी धडधाकट बाहेर पडलेली असतात, त्यांचे हाल नंतर झालेले असतात. संग्राहक पैसे मोजतो ते टांकसाळीत झालेल्या चुकीचे. घरच्या घरी थोडी पारख करता यावी म्हणून हे पत्रक.

नाणं घडतं ते असं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, चकत्यांची कड उचलून घेतात, भट्टीत तापवून मऊ करतात आणि धुतात. मग चकती कॉलरमध्ये, म्हणजे पोलादी कड्यात बसते आणि वरखालचे दोन डाय, म्हणजे नक्षी कोरलेले ठसे, एका दाबात दोन्ही बाजूंची नक्षी उठवतात. खरी चूक यातल्याच एखाद्या पायरीवर झालेली असते. ती कुठे आणि कशी झाली हे सांगता आलं नाही, तर ते नाणं आम्ही ‘एरर’ म्हणून घेत नाही.

रेघ वर आली आहे की आत गेली आहे?

डायला तडा गेला की दाबताना धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावरची रेघ उठावदार असते. तयार नाण्यावर चरा पडला तर रेघ खोल जाते आणि सरकलेला धातू तिच्या काठाला साचतो. दहापट भिंगाखाली हा फरक स्वच्छ दिसतो. भिंग नसेल तर नख फिरवून बघा.

कड कापलेलं नाणं

1992 पासून निघालेलं पाच रुपयांचं जाड, तांबं-निकेलचं नाणं घ्या. पट्टीत आधीच पडलेल्या भोकावर पंच, म्हणजे चकती कापणारं हत्यार, पुन्हा आला, की चकती कापलेलीच निघते. अशा चकतीची कड उचलताना तिथे धातूच नसतो, त्यामुळे बरोबर समोरच्या बाजूलाही दाब पुरेसा बसत नाही. म्हणून खऱ्या क्लिपच्या, म्हणजे टांकसाळीतच पडलेल्या कापाच्या, समोरची कड बहुधा पुसट, बसकी दिसते. कापाजवळची अक्षरंही रिकाम्या जागेकडे ओढल्यासारखी विरत जातात. कानस मारलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते, अक्षर मध्येच सपकन तुटलेलं असतं आणि कापावर कानशीचे बारीक समांतर ओरखडे दिसतात.

लखी

एका बाजूला नेहमीची नक्षी आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी उलटी, खोलगट. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा उमटला, की लखी तयार होते. मागणी भरपूर, म्हणून बनावटही भरपूर. दोन नाणी शिकंज्यात किंवा प्रेसमध्ये एकमेकांवर दाबली की उलटी अक्षरं उमटतात खरी, पण त्यांच्याखाली त्या बाजूची मूळ नक्षी चेपलेल्या अवस्थेत उरतेच. खऱ्या लखीत उलट्या बाजूला मूळ नक्षीचा मागमूस नसतो, कारण तिथे डाय पोचलेलाच नसतो.

दहा रुपयांचं दुरंगी नाणं

मधली चकती उलटी बसवलेली नाणी आमच्याकडे वरचेवर येतात. बाहेरचं कडं आणि मधली चकती टांकसाळीत एकाच दाबात जोडली जातात, नक्षीही त्याच क्षणी उठते. त्यामुळे एक भाग एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे तोंड करून बसणं त्या यंत्रात शक्यच नाही. जोडावर भिंग धरलं की ठोकल्याच्या खुणा सापडतात.

वजनही करून बघा. तांबं-निकेलचं पाच रुपयांचं नाणं 9 ग्रॅमचं. छाप सरकला किंवा नाणं पसरलं तरी धातू तेवढाच राहतो, वजन उतरत नाही. ॲसिडमध्ये बुडवलेलं नाणं पातळ, गुळगुळीत आणि हलकं लागतं.

यांना एरर म्हणू नका: सालाखाली टांकसाळीची खूण नसलेलं नाणं (कोलकात्याच्या नाण्यांवर ती नसतेच, मुंबईची पत्त्यातल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका), रुपयाचं चिन्ह नसलेली 2011 पूर्वीची नाणी, सोनेरी मुलामा दिलेली, माळेसाठी भोक पाडलेली आणि रुळावर चपटी केलेली. वैष्णोदेवीचं नाणं लाखोंना जातं ही अफवाच.

जुनी नाणी विकत घेतो म्हणून आधी शुल्क, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून असे प्रकार होतात, असा इशारा बँकेनेच 2021 मध्ये दिला होता. आम्ही तपासणीचे पैसे घेत नाही. किरकोळ एररला किरकोळच भाव मिळतो, हेही तोंडावर सांगतो. काहींना राग येतो, त्याला इलाज नाही.

नाणं आणण्याआधी चिंच, पितांबरी, लिंबू काहीही लावू नका. घासलेल्या खऱ्या एररचाही भाव पडतो. कागदाच्या पुडीत सुटं ठेवून आणा. फोटो पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचा, तिरप्या उजेडात काढलेले पाठवा. त्यावरून आम्ही फक्त ‘घेऊन या’ किंवा ‘खर्चून टाका’ एवढंच सांगू. पक्कं मत नाणं हातात घेतल्यावरच.