एक्स्पेन्सिव्ह ओव्हर, कॉस्टली कॅच

साडीच्या दुकानात पैठणी उलगडते, पदरावरचे मोर बघून होतात, मग कोपऱ्यातली किमतीची चिठ्ठी हळूच उलटली जाते आणि सोबतच्या बहिणीच्या कानात शब्द पडतात, ‘कॉस्टली आहे गं!’ आपल्याकडे महाग वस्तूला सर्रास कॉस्टलीच म्हणतात. ते चूक नाही. पण लंडनच्या दुकानात अशा वेळी बहुधा ‘एक्स्पेन्सिव्ह’ ऐकू येईल.

शब्दकोशात दोन्हींसमोर ‘महाग’ असंच लिहिलेलं असतं. फरक मला नीट कळला तो क्रिकेटमुळे.

१९ सप्टेंबर २००७, डर्बन. युवराज सिंगने स्टुअर्ट ब्रॉडला सहा चेंडूंत सहा षटकार मारले. ती ओव्हर एक्स्पेन्सिव्ह. किती महाग, तर ३६ धावा. आकडा फलकावर लागलेला. आता १३ जून १९९९, विश्वचषक, हेडिंग्ली. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ ५६ वर असताना दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जच्या हातात सोपा झेल आला आणि आनंदाने चेंडू उडवायच्या घाईत निसटला. वॉ नाबाद १२०, सामना ऑस्ट्रेलियाने घेतला. चार दिवसांनी त्याच दोन संघांची उपांत्य लढत बरोबरीत सुटली. सुपर सिक्स या आधीच्या फेरीत वर असल्यामुळे ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली. हेडिंग्लीला हरली असती तर ती उपांत्य फेरीतही नसती. तो सुटलेला झेल कॉस्टली. त्याचं मोल नंतर चुकवावं लागलं, आणि ते नुसत्या धावांत मोजता येत नाही.

मराठीत ही जोडी आधीपासून आहे: ‘महाग असणं’ आणि ‘महागात पडणं’. घड्याळ, हॉटेल, शाळेची फी भरून घेतलेलं शिक्षण महाग असतं, म्हणून एक्स्पेन्सिव्ह. चूक, दिरंगाई, युद्ध महागात पडतं, म्हणून कॉस्टली. सीमारेषा अगदी पक्की नाही. चुकीत रोख पैसेच गेले तर इंग्रज ‘एक्स्पेन्सिव्ह मिस्टेक’ही म्हणतो. पण घड्याळ ‘महागात पडलं’ म्हटलं की त्यामागे काहीतरी किस्सा आहे, हे आपल्याला लगेच कळतं. तोच कान इंग्रजीलाही लावावा.

एक्स्पेन्सिव्हचा सतराव्या शतकातला जुना अर्थ तर मला फार आवडतो: हात सैल सोडून खर्च करणारा. आपला ‘खर्चिक’ आजही दोन्हीकडे चालतो, माणूसही खर्चिक आणि लग्नही खर्चिक.

‘कॉस्टली’च्या शेवटी ‘ली’ असलं तरी ते क्रियाविशेषण नव्हे. ‘ही पेड कॉस्टली’ होत नाही. तिथे ‘ही पेड डिअरली’ हवं.

आणि नेहमीची चूक म्हणजे ‘प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह’. प्राइस हाय असते, वस्तू एक्स्पेन्सिव्ह. मंडईतही भाव चढतो आणि कांदा महाग होतो.