शिक्षेबाबतची सुनावणी

भारतीय फौजदारी खटल्यात आरोपीला दोषी ठरवल्यानंतर, पण शिक्षा सुनावण्यापूर्वी, केवळ शिक्षेच्या प्रश्नावर होणारी सुनावणी. गुन्हा शाबित झाला की नाही, हा वाद येथे संपलेला असतो. कायद्याने आखलेल्या मर्यादेत कोणती व किती शिक्षा द्यावी, एवढेच ठरायचे असते.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असा स्वतंत्र टप्पा नव्हता. विधी आयोगाने ४८ व्या अहवालात (१९७२) तो सुचवला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) ने सत्र खटल्यांत तो आवश्यक केला. चांगल्या वर्तनाच्या हमीवर दोषी व्यक्तीला सोडायचे असेल, तेवढा अपवाद. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) मध्ये आहे.

कलमातील ‘ऐकून घेणे’ या शब्दांचा अर्थ मात्र वादाचा ठरला. संता सिंग प्रकरणात (१९७६) सर्वोच्च न्यायालयाने तो व्यापक मानला : तोंडी युक्तिवाद पुरेसा नाही, शिक्षेशी संबंधित माहिती व पुरावा मांडण्याची संधी हवी. तशी संधी न मिळाल्याने फाशी रद्द होऊन खटला शिक्षेपुरता सत्र न्यायालयाकडे परत गेला. दगडू प्रकरणात (१९७७) तीन न्यायाधीशांच्या पीठाने याला मुरड घातली. दर वेळी खटला परत पाठवण्याची गरज नाही, वरिष्ठ न्यायालय ती उणीव स्वतः भरून काढू शकते. पुढे अल्लाउद्दीन मियाँ प्रकरणात (१९८९) दोषसिद्धीनंतर सुनावणीसाठी सर्वसाधारणपणे पुढची तारीख द्यावी, असे सांगितले गेले. त्याच दिवशी सुनावणी उरकल्याने शिक्षा आपोआप सदोष होत नाही, असेही निर्णय आहेत. कलमाच्या हेतूला पुढची तारीख देण्याचे मत अधिक जवळचे वाटते : नुकताच दोषी ठरलेला, बहुधा तुरुंगातच असलेला माणूस काही तासांत स्वतःविषयीची कागदपत्रे कोठून आणणार? मृत्युदंडापुरता हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला.

मृत्युदंडाच्या खटल्यांत या टप्प्याला विशेष वजन आहे. बचन सिंग निकालाने (१९८०) गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचीही परिस्थिती पाहणे आवश्यक ठरवले; वय, मानसिक अवस्था व सुधारण्याची शक्यता त्यात येतात. मनोज निकालाने (२०२२) तुरुंगातील वर्तनाचा, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा व मानसिक तपासणीचा अहवाल मागवण्याचे निर्देश दिले. इतर गुन्ह्यांत वय, अवलंबून असलेले कुटुंब आणि पहिलाच गुन्हा, एवढ्यावर हा टप्पा अनेकदा आटोपतो.