एक शीर, अनेक नळ्या : एकाच वेळी दिल्या जाणाऱ्या सलाईनवाटेच्या औषधांची पार्श्वभूमी

शिरेवाटे द्रव देण्याच्या उपचाराचा इतिहास बहुधा 1832 सालच्या कॉलऱ्याच्या साथीपासून सांगितला जातो. त्या वर्षी स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लाट्टा यांनी एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत सुमारे 6 पिंट क्षारयुक्त पाणी सोडले. तिला स्पष्ट उतार पडला, परंतु तिला दुसऱ्याच्या देखरेखीखाली सोपवून डॉक्टर गेल्यानंतर जुलाब पुन्हा सुरू झाले आणि काही तासांत ती दगावली. पुढे कारखान्यात तयार होणारी निर्जंतुक द्रावणे आली, 1950 च्या सुमारास शिरेत दीर्घकाळ ठेवता येणारी प्लॅस्टिकची नळी आली, मग ठरवलेल्या वेगाने द्रव शिरेत सोडणारे इन्फ्युजन पंप आले.

या शतकाच्या आरंभी औषधांची यादी आणि मात्रेच्या मर्यादा साठवून ठेवणारे 'स्मार्ट' पंप वापरात येऊ लागले आणि सुरक्षिततेचा विचार जवळजवळ पंपाभोवतीच फिरू लागला. त्याला कारणही होते : 2005 ते 2009 या काळात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे पंपांशी संबंधित सुमारे 56,000 प्रतिकूल घटनांची नोंद झाली व 87 वेळा उपकरणे परत मागवावी लागली.

मात्र आपल्यातून निघालेली नळी पुढे कोणत्या नळीला जोडली आहे, हे पंपाला कळत नाही. अतिदक्षता विभागात एकाच रुग्णाला अनेक औषधे एकत्र चालू असतात आणि त्यांच्या नळ्या थ्री-वेजवळ (नळ्या एकत्र जोडणाऱ्या तीन तोंडी तोटीजवळ) मिळून एकाच कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून) आत जातात. त्या सामाईक भागात साचलेले औषध, दुसऱ्या एखाद्या द्रवाचा वेग वाढवताच, एकदम रुग्णाच्या शरीरात ढकलले जाते. रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाच्या बाबतीत हे गंभीर ठरू शकते. त्याचप्रमाणे दुय्यम पिशवीची, म्हणजे मुख्य द्रवाच्या नळीलाच जोडून थोड्या वेळासाठी दिल्या जाणाऱ्या औषधाच्या पिशवीची, क्लॅम्प (नळी दाबून बंद ठेवणारी चिमटी) उघडायची राहिली, तर पंप मुख्य पिशवीतील द्रव दुय्यम औषधासाठी ठरवलेल्या वेगाने ओढतो आणि पडद्यावर सारे ठीक दिसत राहते.

हा प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेतला तो कॅनडातील ऑंटारिओ प्रांताने. टोरंटोच्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्कमधील मानवी घटकांचा, म्हणजे माणसे उपकरणांसह काम कसे करतात व चुका कुठे होतात याचा, अभ्यास करणाऱ्या गटाने, इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस कॅनडाच्या सहकार्याने, रुग्णालयांत प्रत्यक्ष निरीक्षणे केली, कृत्रिम अतिदक्षता कक्षात परिचारिकांचे काम अभ्यासले आणि 2012 पासून अहवाल प्रसिद्ध केले. त्यांतील शिफारशी, माझ्या मते, मुद्दाम साध्या ठेवलेल्या आहेत. दुय्यम औषध सुरू करताना ठिबक कक्षात (पिशवीखालच्या पारदर्शक नळकांडीत) थेंब पडतात का ते पाहावे, ते ज्याला जोडायचे त्या मुख्य संचात (मुख्य पिशवीच्या नळीत) उलटा प्रवाह रोखणारी झडप असावी, अतिजोखमीची सततची औषधे मुख्य संचातूनच द्यावीत, एका वेळी एकच औषध पूर्णपणे जोडून घ्यावे आणि तातडीच्या औषधांसाठीच्या नळीवर तसे ठळक लिहावे. रुग्णाचे कपडे बदलताना नळ्या सुटतात व गुंततात हेही या गटाच्या नजरेतून सुटले नाही. म्हणून खांद्यावर व बाह्यांवर बटणे, नाड्या किंवा वेल्क्रो असलेले गाऊन वापरावेत, असेही त्यांनी सुचवले.