गावाच्या बदलत्या रूपाची झीन छापून घेण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या काही वर्षांत आमच्या जळगावच्या छापखान्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि औषधांच्या खोक्यांवरची लेबले यांच्या जोडीला एक नवे काम येऊ लागले आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, हौशी छायाचित्रकार आपापल्या गावाची छायाचित्रे घेऊन येतात आणि त्यांची लहानशी पुस्तिका पन्नास-शंभर प्रतींत छापून मागतात. अशा पुस्तिकेला ‘झीन’ म्हणतात. ‘मॅगझीन’ या शब्दाचे हे शेपूट आहे. प्रकाशक, संपादक आणि विक्रेता ही तिन्ही कामे बहुधा एकच माणूस करतो, म्हणून ती स्वस्तात होते आणि मनासारखी होते.

हे माहितीपत्रक केवळ शहराच्या बदलत्या रूपावरील झीनपुरते आहे. या प्रकारात चित्राच्या देखणेपणाइतकेच ते कोठून आणि कोणत्या दिवशी घेतले याला महत्त्व असते, आणि नेमकी हीच माहिती आमच्याकडे येणाऱ्या फाइलींमध्ये नसते. ती नसेल तर छपाई कितीही चांगली झाली तरी हाती अल्बमच उरतो.

पान आणि पृष्ठ

सर्वप्रथम एका शब्दाचा उलगडा करणे भाग आहे, कारण त्यावरून आमचे आणि ग्राहकांचे गैरसमज सर्वाधिक होतात. बोलताना आपण ‘बत्तीस पानी’ म्हणतो तेव्हा छापलेल्या बत्तीस बाजू मनात असतात. छापखान्यात मात्र एका पानाला दोन बाजू, म्हणजे दोन पृष्ठे असतात, आणि बत्तीस पानांची चौसष्ट पृष्ठे होतात. दर विचारताना कृपया ‘पृष्ठे’ हा शब्द वापरावा. मध्ये दुमडून सेंटर पिन मारलेल्या पुस्तिकेची पृष्ठसंख्या नेहमी चारच्या पटीत असते, कारण दुमडलेल्या प्रत्येक कागदाची चार पृष्ठे होतात. आपली तीस पृष्ठे भरत असतील, तर दोन कोरी ठेवावी लागतील किंवा आणखी दोन चित्रे शोधावी लागतील. आमच्या मते कोरी ठेवलेली बरी.

पहिल्या झीनसाठी आम्ही ए-फाइव्ह आकार (१४८ × २१० मिलिमीटर), मुखपृष्ठ-मलपृष्ठ वगळून बत्तीस पृष्ठे आणि सेंटर पिन अशी रचना सुचवतो. त्यासाठी आतले ए-फोर आकाराचे आठच कागद पुरतात. शंभरापर्यंतच्या प्रती डिजिटल यंत्रावर काढाव्यात. ऑफसेट छपाईत आधी धातूच्या प्लेट बनवाव्या लागतात; त्यांचा खर्च प्रती काहीशेंच्या पुढे गेल्यावरच अंगावर येईनासा होतो.

त्याच जागी पुन्हा उभे राहणे

शहर बदलले हे दाखवण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे जुन्या छायाचित्राच्या जागी उभे राहून नवे छायाचित्र घेणे. हे वाटते तितके सोपे नाही. समजा, आपल्याकडे बाजारपेठेचे एक जुने चित्र आहे आणि त्यात जवळच्या दुकानाच्या पत्र्याची कड मागच्या पाण्याच्या टाकीला अर्ध्यावर कापते. नव्या चित्रातही ती कड टाकीच्या त्याच जागी यावी लागते. आपण डावीकडे सरकलो की जवळचे दुकान टाकीच्या मानाने उजवीकडे सरकते; पुढे गेलो की दुकान झपाट्याने मोठे होते आणि टाकी जवळजवळ तेवढीच राहते. जुन्या चित्राची झेरॉक्स हातात धरून अशा दोन जोड्या, एक डावीकडची आणि एक उजवीकडची, जुळवल्या की उभे राहण्याची जागा हातभर अंतरात सापडते. झूम त्यानंतर करावे. मोबाईलचा मुख्य कॅमेरा बहुधा रुंद कोनाचा असतो आणि जुने कॅमेरे तितके रुंद पाहत नसत. म्हणून मोबाईलच्या दुप्पट झूमवर चित्र पुष्कळदा जुळते. सावल्याही जुळवायच्या असतील तर ऋतू आणि वेळ दोन्ही सांभाळावे लागतात.

कधी कधी ती जागाच उरलेली नसते. जुने चित्र ज्या माडीच्या खिडकीतून घेतले ती माडी पडलेली असते, किंवा जेथे छायाचित्रकार उभा होता तेथे आता रस्त्याचा दुभाजक आहे. अशा वेळी शक्य तितके जवळून चित्र घ्यावे आणि ‘मूळ जागा आता नाही’ असे खाली लिहावे. ते वाक्य चित्राइतकेच बोलते.

जळगावात या कामासाठी विषयांची वाण नाही. खान्देश मिलच्या जागेत आता मॉल उभा आहे, आणि महापालिकेची सतरा मजली इमारत आसपासच्या कौलारू घरांच्या डोक्यावरून कोठूनही दिसते. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याच्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि २०२० पासून बंद असलेल्या पाचोरा–जामनेर नॅरोगेज गाडीची स्थानके यांपैकी एकेक विषय एका झीनला पुरेल. तरीही आमचा आग्रह असा की विषय याहूनही लहान घ्यावा. संपूर्ण शहर बत्तीस पृष्ठांत मावत नाही. एक गल्ली, एक पूल किंवा गावाबाहेर केळीच्या बागेवर पडलेला एक बिनशेती लेआउट मावतो. धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरांच्या रांगेतून एकेक घर पडून स्लॅब कसा आला, हे एकाच गल्लीत दोन वर्षे फिरून दाखवलेली झीन आम्ही छापलेल्यांपैकी सर्वांत चांगली होती. त्या ग्राहकाने एका चित्राखाली शेजारच्या आजींचे वाक्य अहिराणीतच ठेवले होते : ‘आठे निंबनं झाड व्हतं.’ चित्रात झाड नव्हते, पाण्याची काळी टाकी होती.

जवळचीच गोष्ट म्हणून चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचे नाव येथे घेतो. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून दृश्ये उभी करणाऱ्या त्यांच्या छायाचित्रांचे संग्रहालय चाळीसगावात आहे. त्यांचा विषय शहर नव्हता. परंतु थोडक्या जागेत किती दीर्घकाळ पाहता येते, हे तेथे एकदा जाऊन पाहण्याजोगे आहे.

जुनी छायाचित्रे : शोधणे, स्कॅन करणे, साल ठरवणे

जुन्या रस्त्यांची छायाचित्रे नाहीत, अशी तक्रार प्रत्येक ग्राहक करतो. ती असतात, फक्त वेगळ्या नावाने असतात. लग्नाच्या अल्बममधील वरातीची चित्रे पाहावीत : नवरदेवाच्या घोड्यामागे दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या, चित्रपटगृहाचे पोस्टर आणि रस्त्याची जुनी रुंदी सहज सापडते. शाळेच्या प्रभातफेऱ्या, गणपतीच्या मिरवणुका आणि नव्या स्कूटरसोबत घेतलेली चित्रे यांतही तेच घडते.

अशी चित्रे आमच्याकडे मूळ स्वरूपात आणावीत. अल्बमवरील प्लास्टिकसकट मोबाईलने घेतलेल्या चित्रात वरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा येतो आणि तो नंतर काढता येत नाही. चिकट पानांच्या अल्बममधून चित्र ओढून काढू नये; पान तसेच आणावे, आम्ही ते पानासकट स्कॅन करतो. ए-फाइव्ह पृष्ठभर छापण्यासाठी ३०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे एका इंचातील ठिपके) साधारण १७४८ × २४८० पिक्सेल लागतात. म्हणून ६ × ४ इंची जुने चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यास पृष्ठभर छापण्यास पुरते आणि थोडे कापण्यासही वाव राहतो. चित्राची मागची बाजूही आम्ही आवर्जून स्कॅन करतो, कारण स्टुडिओचा शिक्का तेथे असतो.

साल ठरवण्यास हा शिक्का फार उपयोगी पडतो. त्यावर ‘पूर्व खानदेश’ असेल तर तो खानदेश जिल्ह्याच्या १९०६ च्या विभाजनानंतरचा आहे, आणि बहुधा १९६० मध्ये जिल्ह्याचे नाव जळगाव होण्यापूर्वीचा. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर शिक्का १९७२ नंतरचा. चित्रातील वाहनावर ‘एमएच-१९’ दिसले तर ते १९८९ पूर्वीचे असू शकत नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या पाटीवर ‘नगरपालिका’ असेल, तर ती पाटी २००३ मध्ये महापालिका होण्यापूर्वी रंगवलेली आहे, आणि नंदुरबारच्या पाटीवर ‘जिल्हा धुळे’ असेल तर १९९८ पूर्वी. अर्थात जुनी पाटी वर्षानुवर्षे तशीच टांगलेली राहते, हे आपल्या गावांत सांगण्याची गरज नाही. म्हणून एका खुणेवर विसंबू नये आणि खात्री नसेल तेथे ‘१९७२ नंतर’ एवढेच लिहावे. ठिकाणाची जुनी-नवी दोन्ही नावे द्यावीत. जळगावातून जाणाऱ्या सुरत–नागपूर महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. वीस वर्षांनी झीन उघडणाऱ्याला यांपैकी कोणता आठवेल हे आज सांगता येत नाही.

मांडणी, आणि आमच्या हातून झालेली एक चूक

दोनशे चित्रे आणू नयेत. साठ आणावीत आणि त्यांतून तीस निवडावीत. प्रत्येक चित्राची लहान प्रत काढून ती टेबलावर किंवा सतरंजीवर समोरासमोरच्या पृष्ठांच्या जोड्यांनी मांडावी, कारण वाचक एका वेळी नेहमी दोन पृष्ठे पाहतो. जुने डावीकडे आणि नवे उजवीकडे अशी मांडणी सोपी असते, परंतु बत्तीस पृष्ठे तेच केले तर सहाव्या जोडीनंतर वाचक चित्रे न पाहता फरक मोजू लागतो. दोन-तीन ठिकाणी ती मोडावी. दोन पृष्ठांवर पसरलेल्या चित्रात माणसाचा चेहरा किंवा मिलची चिमणी बरोबर दुमडीत येणार नाही, एवढे पाहावे.

चित्र कागदाच्या कडेपर्यंत हवे असेल तर प्रत्येक बाजूस तीन मिलिमीटर जादा सोडावे. कटिंगमध्ये तो भाग जातो. मजकूर मात्र कडेपासून किमान दहा मिलिमीटर आत असावा. हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. चौसष्ट पृष्ठांच्या एका कामात ग्राहकाने प्रत्येक चित्राची तारीख बाहेरच्या कडेला, अगदी बारीक अक्षरांत उभी लावली होती. एकात एक घातलेल्या कागदांपैकी आतले कागद दुमडताना दीड-दोन मिलिमीटर बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये तेवढेच अधिक कापले जातात. ही सरक फाइल लावतानाच धरून चालायला हवी होती. आम्ही ती धरली नाही, आणि मधल्या आठ पृष्ठांवरील तारखा कापल्या गेल्या. झीनमधला सर्वांत मोलाचा भाग नेमका गेला. त्या सर्व प्रती आम्ही पुन्हा छापून दिल्या. तेव्हापासून फाइल यंत्रावर चढण्यापूर्वी आम्ही कोऱ्या कागदाची डमी दुमडून, पिन मारून, कापून पाहतो आणि ती ग्राहकाच्या हातात देतो.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नयेत, कारण तेथे ती लहान होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत किंवा पेन ड्राइव्हवर आणावीत.

कागद आणि काळेपणा

आतील पृष्ठांसाठी १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) मॅट आर्ट पेपर आणि मुखपृष्ठासाठी २५० जीएसएमचे आर्ट कार्ड ही जोडी बहुतेकांना मानवते. ग्लॉसी कागद दुकानात छान दिसतो, पण घरी दिव्याखाली चकाकतो. १०० जीएसएमचा मॅपलिथो (लेप नसलेला साधा छपाईचा कागद) स्वस्त आहे आणि हातालाही चांगला लागतो. मात्र त्यावर सावल्या एकजीव होतात. खान्देशातील उन्हाळ्याच्या चित्रांना याचा विशेष फटका बसतो. मे महिन्यात नऊनंतरचे ऊन इतके रोखठोक असते की भिंत पांढरी फटक आणि ओटा काळा ठिक्कर येतो. मॅपलिथोवर त्या ओट्यावर बसलेला माणूस नाहीसा होतो. अशी चित्रे सकाळी लवकर घ्यावीत, किंवा सावलीचा भाग थोडा उजळून द्यावा.

कृष्णधवल चित्रे केवळ काळ्या शाईत छापली तर फिकट वाटतात; चारही रंगांत छापली तर काळा भरतो, पण हिरवट किंवा तांबूस झाक येण्याची शक्यता असते. म्हणून एका पृष्ठाचा दोन्ही प्रकारे प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, काढून आम्ही दाखवतो. मोबाईलच्या पडद्यावरील उजळपणा कागदावर येत नाही, ही बाब प्रूफ पाहताना लक्षात असावी.

परवानगी आणि हक्क

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क साधारणपणे छायाचित्रकाराचा असतो. पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. इमारतीचे छायाचित्र छापल्याने वास्तुरचनाकाराच्या हक्काचा भंग होत नाही. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींच्या परिसरात छायाचित्रे घेऊ नयेत, आणि रेल्वेच्या हद्दीत आधी विचारावे. टपरीवाले आणि हातगाडीवाले यांना सांगूनच चित्र घ्यावे; रस्तारुंदीच्या दिवसांत कॅमेरा पाहून त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो अकारण नसतो.

शेवटच्या पृष्ठावर आपले नाव, गाव, महिना-वर्ष, प्रतींची संख्या आणि मुद्रणस्थळ छापतो. शंभरातील दोन-तीन प्रती गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि शाळेत द्याव्यात.

कामाचा कालावधी

फाइल पक्की झाल्यापासून डमी, प्रूफ आणि छपाई मिळून सुमारे दहा दिवस धरावेत. पावसाळ्यात एका बाजूने लॅमिनेशन केलेले मुखपृष्ठ दमट हवेने वळते, म्हणून तेव्हा प्रती दोन दिवस वजनाखाली ठेवूनच आम्ही देतो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत यंत्रे दिवाळी अंकांत आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिकांत गुंतलेली असतात. या काळात झीन हवी असल्यास महिनाभर आधी सांगावे. पहिल्या भेटीस साठ चित्रांच्या लहान प्रती आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले ठिकाण व तारीख एवढे आणले तरी पुरे.