ग्रामीण विदर्भातील समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व धर्म यांचे शालेय अध्ययन

विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतील खेड्यांत समाजशास्त्र हा विषय त्या नावाने विद्यार्थ्यासमोर येतो तो अकरावीच्या कला शाखेत. दहावीपर्यंत सामाजिक शास्त्रे म्हणजे इतिहास व राज्यशास्त्राचा ४० गुणांचा एक पेपर आणि भूगोलाचा तेवढ्याच गुणांचा दुसरा. तत्त्वज्ञानही अकरावी-बारावीचाच ऐच्छिक विषय आहे. धर्म हा राज्य मंडळाचा स्वतंत्र विषय नाही. परीक्षा नागपूर व अमरावती या विभागीय मंडळांमार्फत होतात.

तिन्हींत समाजशास्त्राचा प्रसार सर्वाधिक आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, पुढे बी.ए.ला तोच विषय मिळतो आणि स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल अशी पालकांची समजूत असते. तत्त्वज्ञान मात्र गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात क्वचितच दिसते. शिक्षक नाही म्हणून विषय नाही, विषय नाही म्हणून पदवीला विद्यार्थी नाहीत आणि पदवीधर नाहीत म्हणून शिक्षक नाही, असे हे चक्र आहे.

धर्माबाबत संविधानाचे २८वे कलम लागू होते. पूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत ते संमतीवाचून लादता येत नाही. निरनिराळ्या धर्मांविषयी माहिती देणे मात्र या कलमाच्या विरोधात जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. तरीही शाळेतला धर्म इतिहासातील बौद्ध, जैन व भक्ती परंपरांच्या धड्यांपुरता आणि मराठीतील संतकवितेपुरताच उरतो.

शाळेबाहेर याच विषयांची सामग्री विपुल आहे. रिद्धपूर हे महानुभावांचे श्रद्धास्थान अमरावती जिल्ह्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांत विहारे उभी राहिली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) श्रोत्यांनाच प्रश्न विचारत कीर्तन पुढे नेत. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ ग्रामरचना, श्रम, शिक्षण असे समाजशास्त्राचेच विषय ओवीत मांडते, आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे तिच्या ओव्या अनेक मुलांच्या कानावर लहानपणापासून असतात. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या यात्रेला गोंड समाज मोठ्या संख्येने जमतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत रुजवली आणि त्यासाठी अभ्यासगट चालवले. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलाचा वापर व राखण गावाने मिळून करण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला. मत आणि कारण यांत फरक कसा करावा, हे तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकण्याचे काम तिथे मोठ्या माणसांनी चावडीवर केले आहे.

बारावीच्या समाजशास्त्रात आदिवासी, ग्रामीण व नागरी समाज हे घटक आहेत. ते शिकणारी मुले बहुधा पहिल्या दोन समाजांतलीच असतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांच्यापैकी बरीच जण वर्गात नसतात. सामाजिक स्तरीकरणाचा, म्हणजे जात, वर्ग यांनुसार समाजात पडणाऱ्या उच्चनीच थरांचा, पाठ अकरावीला येतो. एकमेकांची आडनावे, मोहल्ला आणि कुणाकडे किती एकर, हे सर्वांना ठाऊक असलेल्या वर्गात तो शिकवणे कठीण जाते. बरेच शिक्षक व्याख्या व वैशिष्ट्ये सांगून पुढे सरकतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण संस्था, पालक आणि गाव या तिघांशी त्यांना रोज जमवून घ्यावे लागते.

समाजशास्त्राची लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि २० गुण प्रकल्प व तोंडी कामाला असतात. पाठ्यपुस्तक आणि गाव यांची गाठ पडायची जागा खरे तर हीच. आठवडी बाजार, महिला बचत गट, पोळ्याला बैलांच्या रांगेत कुणाचा मान पहिला, बाहेरगावी मजुरीला जाणारी कुटुंबे, असे विषय घराच्या उंबऱ्याशीच असतात. प्रत्यक्षात मात्र ‘हुंडा’ किंवा ‘व्यसनाधीनता’ यांवर गाईडमधून उतरवलेली पाने अधिक येतात, कारण गावात फिरून केलेल्या आणि उतरवलेल्या प्रकल्पाला गुण सारखेच पडतात.