पाचवी-आठवीची परीक्षा परत आली, पण बंद कधी झालेली?

सोलापुरात झेडपी नाहीतर महापालिकेच्या शाळेतली पोरं मागं का पडतात हा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी 'ढकलपास'वर येते, आणि मग तिथून हलतच नाही.

जुनं फार सांगत बसत नाही. गिरण्या होत्या, गेल्या, यंत्रमाग आणि विडी राहिली. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, आणि पुस्तक बहुतेकांच्या हातात मराठी. आई विडी वळते तर मोठ्या पोरीनं पानं कापून द्यायची, अभ्यास त्यातनं उरला तर. 1995 पासून 80 टक्के हजेरीला महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायला लागला, नंतर शाळेतच खिचडी शिजायला लागली, त्यानं पोरं वर्गात बसायला लागली हे खरं. पण बसणं वेगळं, वाचता येणं वेगळं.

आता मुख्य गोष्ट. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्यात होतं एवढंच की आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागं ठेवायचं नाही आणि बोर्डाची परीक्षा घ्यायची नाही. मूल्यमापन करू नका असं कुठंच नव्हतं, उलट वर्षभर करा असं होतं. म्हणून राज्यात आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) मूल्यमापन आलं, अ-1, अ-2 अशा श्रेण्या आल्या, आणि सगळ्यात खालच्या इ श्रेणीतल्या पोराला जादा शिकवून निदान ड पर्यंत आणायचं असंही ठरलं. हे शेवटचं कलम कुणाच्या लक्षात आहे? पालकांपर्यंत पोचलं ते "आता नापासच करत न्हाईत म्हणे", आणि शिक्षकांच्या वाट्याला आल्या वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक पोराची प्रगती वाक्यांत लिहायची. त्या लिहून लिहून हात दुखायचे, शेवटी बाजारात तयार नोंदींची पुस्तकंच विकायला आली, मग काय, उतरवून काढायची. जादा शिकवायला माणूस कुठून आणायचा ते कुणी सांगितलं नाही. माझ्या मते घोळ तिथं झाला, नापास न करण्यात नाही, पण हे चौकात बोललं की लोक अंगावर येतात.

2019 ला कायदा बदलला, पाचवी-आठवीला वर्षाअखेरीला परीक्षा आली, आणि फेरपरीक्षेतही नापास झालेल्या पोराला मागं ठेवायचं की नाही ते राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रानं 2023 मध्ये मागं ठेवायचं ठरवलं, 2023-24 पासून वार्षिक परीक्षा सुरू. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात.

मधल्या काळात माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांसाठी पुस्तकातले धडे त्यांच्या भाषेत करून घेतले, क्यूआर कोड लावले, 2020 ला तिथल्या शिक्षकाला जागतिक पुरस्कार मिळाला. पेपरात फोटो आले, हार-तुरे झाले. भाषेचा मुद्दा मात्र पुढं कुणी फारसा काढला नाही, गाडी परत पास-नापासवरच.